शंभर मोजेपर्यंत

श्री. दामोदरपंत हिरजकर यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते आपल्या ओसरीवर मांडी घालून तळ्याकडे बघत बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. माझे वडील मला वैरागहून सोलापूरला घेऊन आले होते. त्यांनी वहाणा काढल्या, हातानेच मला थांबवले आणि हळू आवाजात म्हणाले, "जप चाललाय. पायरीवरच थांब." आम्ही थांबलो. सकाळचे आठ वाजले असावेत. पाण्यावरून उलटलेला उजेड ओसरीच्या छताला लागून हलत होता, आणि तो बघता बघता मला आपण कशासाठी आलो आहोत याचाही थोडा विसर पडला. मग हिरजकर मास्तरांनी मान वळवली.

"शंभर झाले," ते म्हणाले. "बोला."

तो जप नव्हता, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले. वडिलांना मात्र बरेच दिवस तो जपच वाटत होता.

वडिलांनी आमचे काम सांगितले. "ही आमची इंदू. यंदा मॅट्रिकला बसायची. आत्याकडं राहील. गणित बरं आहे म्हणतात, पण सहामाहीत पहिलाच प्रश्न तीन तास धरून बसली."

"सुटला का?"

"सुटला की. बाकीचे सात कोरे."

"एकाच प्रश्नाची परीक्षा असती तर पहिली आली असती," मास्तर म्हणाले. वडील हसले नाहीत. त्यांनी पुढचे सांगून टाकले. ते मला एकदाच बसवणार होते. पास झाले तर पुण्याला कॉलेजात घालायचे, हा त्यांचा शब्द होता. नाही झाले तर माढ्याचे एक स्थळ चालून आलेले होते आणि त्या मंडळींना निकालापर्यंतच थोपवून धरलेले होते. हे सर्व मी पायरीवर उभी राहून ऐकत होते. परीक्षेला दोन महिने आणि चार दिवस उरले होते.

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांनी मला विचारले, "काय इंदूबाई, कॉलेजात जाऊन काय शिकणार?"

"रसायन."

"ते का?"

"त्यात उत्तर एकच येतं."

"असं कोण म्हणालं तुला?" असे विचारून ते आत वळले आणि आपल्या पत्नीला, यमुनाकाकूंना, म्हणाले, "अहो, उद्यापासून पाच पाट मांडा."

साठ वर्षांच्या आयुष्यातील सदतीस वर्षे मास्तरांनी शाळेत गणित शिकवले. त्याविषयी त्यांचे सहकारी या गौरवग्रंथात माझ्यापेक्षा अधिकाराने लिहितील. मला लिहायचे आहे ते शाळेबाहेरच्या ओसरीविषयी. परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या दोन महिन्यांत मास्तर आपल्या घरी काही मुलांची उजळणी करून घेत. हुशार मुले ते निवडत नसत. ज्यांना येते पण परीक्षेत लिहिता येत नाही, अशी मुले त्यांना हवी असत. त्या वर्षी आम्ही पाच जण होतो. मुलगी मी एकटीच, म्हणून माझा पाट माजघराच्या दाराशी, काकूंच्या नजरेखाली असे.

ओसरीवर पहिला नियम असा होता की नवे काही शिकायचे नाही. मी एका पुस्तकातून भूमितीची एक वेगळी सिद्धता काढून नेली होती. मास्तरांनी ती लक्षपूर्वक वाचली, सुंदर आहे म्हणाले, आणि पुस्तक काकूंकडे दिले. काकूंनी ते ज्वारीच्या डब्याखाली ठेवले. परीक्षा संपेपर्यंत ते तिथेच राहिले. "जे आहे त्याच्याशी ओळख वाढव," एवढेच ते म्हणाले.

दुसरा नियम भोंग्याचा. स्टेशनकडच्या एका गिरणीचा भोंगा ओसरीवर स्वच्छ ऐकू येई. तो झाला की हातातील लेखणी, शब्द अर्धा असला तरी, खाली ठेवायची, डाव्या हाताला दिसणाऱ्या तळ्याकडे मान वळवायची आणि मनात शंभर मोजायचे. घाई करायची नाही, एकही आकडा गाळायचा नाही आणि शंभर होईपर्यंत जागेवरून उठायचे नाही. मग पुन्हा कागदाकडे वळायचे, पण अर्धा टाकलेल्या प्रश्नाकडे नाही. दुसरा घ्यायचा.

मला हे फार जड गेले. पहिल्या दिवशी मी शंभर मोजताना मनात समीकरणच पुढे नेत होते. मास्तरांनी माझ्याकडे न बघताच विचारले, "इंदूबाई, किती झाले?" मला सांगता आले नाही. "पुन्हा एकपासून," ते म्हणाले. त्या दिवशी माझे चारदा एकपासून झाले.

पण दहाबारा दिवसांनी एक वेगळीच गोष्ट होऊ लागली. माघाचे ऊन चढत असे. तळ्याचा उजेड छतावर हले. काकूंच्या चुलीवर भाकरी फुगल्याचा वास येई. लांब कुठेतरी हातमागाचा खटका चाले, तो हळूहळू आकड्यांच्या चालीवर येऊन बसे. साठ, एकसष्ट, बासष्ट. त्या वेळी आपण जागे आहोत की नाही हे नक्की सांगता येत नसे, आणि त्या अवस्थेत दोन दिवसांपूर्वी अडलेला एखादा प्रश्न पाण्यावरून चालत आल्यासारखा समोर येई, उलगडलेला. मी ही गोष्ट तेव्हा कोणाला सांगितली नाही. मी शास्त्र शिकलेली आहे आणि असे का होते याचे समाधानकारक कारण मला आजही देता येत नाही. होत असे, इतकेच लिहिते.

आमच्यातला व्यंकट विणकराच्या घरचा. तो तेलुगूत मोजी आणि आमच्या कितीतरी आधी संपवी. सर्वांत शेवटी संपवी तो बिरू. बिरू सांगोल्याकडचा, घरी मेंढरे, शाळेसाठी बोर्डिंगात राहिलेला. पहाटे बोर्डिंगचे पाणी भरून तो ओसरीवर येई आणि कधी कधी पन्नाशीतच त्याची मान खाली जाई. एकदा मास्तर त्याच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"बिरू."

"म्या झोपलो न्हाय मास्तर. डोळं मिटून इचार करत हुतो."

"विचार घोरायला लागला की रे."

"लई खोल इचार हुता, मास्तर."

आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खुंटीवरचे आपले उपरणे काढून, बिरूच्या तोंडावर येणारे ऊन अडेल असे दाराच्या कडीला बांधले आणि म्हणाले, "वीस मिनिटं खोल विचार कर. मग त्रैराशिक." त्यानंतर ते उपरणे रोज त्या वेळी तिथे बांधलेले असे. बिरूला वेळेवर उठवण्याचे काम मला दिले होते, कारण एकोणीस किंवा एकवीस मिनिटे मी होऊ देणार नाही, असे मास्तरांचे म्हणणे होते.

मास्तरांनी हा नियम कशासाठी केला, हे मला काकूंनी सांगितले. स्वतः मास्तर दोनदा मॅट्रिक नापास झाले होते, आणि दोन्ही वेळी माझ्यात होता त्याच दोषाने. "पहिल्या प्रश्नाला मिठी मारून बसायचे," काकू म्हणाल्या. "तुला बघितलं त्या दिवशी आत येऊन मला म्हणाले, माझीच बहीण आलीय."

आता परीक्षेच्या दिवसाविषयी. हा प्रसंग अनेकांनी ऐकलेला आहे, पण तो हळूहळू बदलत गेला आहे, म्हणून जसा घडला तसा नोंदवते.

गणिताची प्रश्नपत्रिका होती. आम्ही पाचही जण एकाच दालनात, पण दूर दूर बसलो होतो. सुरुवात चांगली झाली होती; दुसरा, पहिला, चौथा आणि सातवा असे चार प्रश्न सुटले होते. दुपारी गिरणीच्या सुट्टीचा भोंगा झाला, तेव्हा मी तिसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर होते. मी लेखणी खाली ठेवली आणि डावीकडे मान वळवली. तिथे तळे नव्हते. पांढरी भिंत होती. तरी मी मोजू लागले.

मी सव्वीसवर असताना पर्यवेक्षक माझ्या बाकाजवळ आले. ते बाहेरगावचे होते. त्यांनी जे पाहिले होते ते असे: भोंगा होताच दालनाच्या निरनिराळ्या भागांतील पाच उमेदवारांनी एकाच क्षणी लेखण्या खाली ठेवल्या आणि पाचही जण भिंतीकडे बघत ओठ हलवू लागले. त्यांनी प्रथम भिंत तपासली. अगदी नाक लावून तपासली. भिंतीवर काही नव्हते, यामुळे त्यांचा संशय वाढला. त्यांनी आमच्या पाचही जणांच्या उत्तरपत्रिका उचलल्या.

"ही खूण कुणी ठरवली?" त्यांनी विचारले.

"मास्तरांनी," बिरू उभा राहून म्हणाला. त्याला वाटले, मास्तरांचे नाव घेतले की सगळे मिटेल.

मास्तर बाहेर लिंबाखाली बसलेले होते. त्यांना आत बोलावले. त्यांनी सगळे ऐकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले की हे असे होईल असा विचार त्यांनी कधीच केला नव्हता. भोंगा ओसरीवर ऐकू येतो तसा दालनातही ऐकू येणार, ही साधी गोष्ट त्यांच्या आणि आमच्या ध्यानातून सुटली होती.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "ही खूण उत्तराची नव्हे, विसाव्याची आहे."

"परीक्षेत विसावा?" पर्यवेक्षक म्हणाले. "पंत, मी तीस वर्षं परीक्षा बघतो आहे."

"मग एक करा. पाचही पत्रिका उघडून शेजारी शेजारी ठेवा. कोणत्याही दोघांचं एक जरी पान एकसारखं चाललेलं दिसलं तर पाचही रद्द करा, आणि मी शिकवणं सोडतो. तसं आत्ता लिहून देतो."

त्यांनी कागद मागून तसे लिहून दिले आणि खाली सही केली. मी तेव्हा त्यांच्याबद्दल कृतज्ञ नव्हते, हे लिहायला हवे. मी दालनातल्या घड्याळाकडे बघत होते आणि मला माढ्याचे स्थळ दिसत होते.

पर्यवेक्षकांनी पत्रिका मांडल्या. बिरू सातव्या प्रश्नापासून सुरू झाला होता, व्यंकट चौथ्यापासून, मी दुसऱ्यापासून. जिथे पाय घट्ट टेकतो तिथून सुरुवात करायची, हेही ओसरीवरच शिकवलेले होते, आणि आमचे पाय पाच ठिकाणी टेकत होते. कोणतीही दोन पाने जुळत नव्हती. पर्यवेक्षकांनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिले आणि पत्रिका परत दिल्या. वेळ वाढवून मिळाला नाही. घड्याळाप्रमाणे आमची अठरा मिनिटे गेली होती.

माझ्यासमोर अर्धा राहिलेला तिसरा प्रश्न होता. दोन महिन्यांपूर्वी मी त्यावर वाकले असते आणि वेळ संपेपर्यंत उठले नसते. मी पान उलटले आणि पाचवा घेतला. मग सहावा, मग आठवा. तिसऱ्याकडे परत यायला वेळ उरला नाही.

बाहेर आले तेव्हा मास्तर लिंबाखाली उभे होते. त्यांनी फक्त विचारले, "किती राहिले?"

"एक."

"एकच?"

"अर्धा," मी म्हणाले. कारण अर्धा मी लिहिला होता.

ते पारावर खाली बसले आणि दालनाच्या भिंतीकडे बघत राहिले. ते मोजत होते की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे काकूंकडून नंतर कळले. पुढच्या वर्षापासून ओसरीवर भोंग्याचा नियम बदलला. प्रश्न संपला किंवा अडला की ज्याने त्याने आपापल्या वेळी तळ्याकडे बघायचे. झालेली चूक मास्तर दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी स्वतः सांगतात, नावासकट, आणि बिरू मध्येच उभा राहिल्याचा भाग ते फार रंगवून सांगतात.

आम्ही पाचही पास झालो. वडिलांनी त्याच दिवशी माढ्याला पत्र घातले आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन ओसरीवर आले. मास्तर तळ्याकडे बघत होते. या वेळी वडील पायरीवर थांबले नाहीत. ते वर गेले, मास्तरांच्या शेजारी बसले आणि तेही पाण्याकडे बघू लागले. दोघांचे शंभर बरोबरच झाले असावेत, कारण दोघे एकदमच वळले.

पुण्याला निघताना मी नमस्काराला गेले, तेव्हा मास्तर म्हणाले, "तो तिसरा प्रश्न सोडवू नकोस हं. एक तरी अर्धा राहू दे." मी बरे म्हणाले. गाडी कुर्डुवाडीला पोचण्याच्या आत मी तो सोडवला. हे मी त्यांना आजवर सांगितलेले नाही; या ग्रंथातून त्यांना कळेल.

मी आता सोलापुरातच एका गिरणीच्या रंगखात्यात काम करते. धुऊन आणि उन्हात ठेवून कोणता रंग टिकतो, ते बघणे हे माझे काम. दुपारचा भोंगा अगदी डोक्यावर होतो. मी हातातील काचेची नळी लाकडी घोडीत उभी करते आणि खिडकीकडे वळते. खिडकीतून पाणी दिसत नाही, गोदामाची भिंत दिसते. तरी तिच्यावर छतावरच्यासारखा उजेड हलू लागतो, आणि सकाळी अडलेले काही कधी कधी त्यातून चालत येते. खात्यातील मंडळी मला जप करणारी समजतात. मी खुलासा करत नाही.

मास्तरांची साठी झाली. या प्रसंगी दीर्घायुष्य चिंतायचे असते, आणि ते मी त्यांच्याच नियमाने चिंतते. मास्तर, आपले मोजणे साठावर आले आहे. तळे समोर आहे, काकू शेजारी आहेत, आपली प्रकृती अशीच निरोगी राहो. घाई करू नये. एकही आकडा गाळू नये. आणि शंभर होईपर्यंत जागेवरून उठायचे नाही. आम्ही पायरीवर थांबलो आहोत.