जमा राहिलेली ऊब

नॉटिंगहॅमच्या आमच्या पहिल्या घरात जिन्याजवळच्या भिंतीवर हीटिंगची एक गोल तबकडी होती. स्वयंपाक, कपडे, घरमालकाशी बोलणं, ही सगळी खाती माझ्याकडे होती. तबकडीचं खातं तेवढं नवऱ्याकडे. ऑफिसला निघताना तो बूट घालायचा, कोट घालायचा आणि सगळ्यात शेवटी तबकडी खाली फिरवायचा. वर मला सांगायचा, की थंडी वाजलीच तर स्वेटर घाल. एवढं सांगून साहेब जिथे जायचे तिथे दिवसभर लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसायचे. मला माहीत आहे, कारण ख्रिसमसच्या पार्टीला मी तिथे दोन स्वेटर घालून गेले होते आणि घामाने नुसती डबडबले होते.

पुण्यात मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायचे. इथे आले ती त्याच्या व्हिसाचं शेपूट म्हणून. दिवसभर घरात मी एकटी, आणि घर म्हणजे फ्रीजची मोठी आवृत्ती. मग मी एक युक्ती काढली. विजेचा ओव्हन लावायचा, काहीतरी भाजायला ठेवायचं आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं. त्या हिवाळ्यात मी इतकी नानकटाई भाजली की शेजारची आजी मला बेकरीवाली समजायला लागली. नवऱ्याला वाटायचं, हिला बेकिंगचा छंद लागला. तो चहाबरोबर मिटक्या मारत खायचा, आणि एवढी नानकटाई कुठून येते हे त्याने एकदाही विचारलं नाही.

आमच्या आधी त्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. ते दिवसभर घरी असायचे आणि माणसासारखे हीटिंग लावून राहायचे. गॅसच्या कंपनीने ठरवलं, की हेही तेवढंच जाळणार. त्या अंदाजाने दर महिन्याला आमच्या खात्यातून पैसे कापले जायचे. आम्ही मात्र जाळायचो चिमूटभर. त्यामुळे दर बिलावर आमचे पैसे जमा दिसायचे, आणि दर वेळी जास्तच. कंपनीच्या भाषेत आम्ही ‘इन क्रेडिट’ होतो. आमच्या ह्यांना त्याचा कोण अभिमान! मराठी मंडळाच्या गणपतीत लोक मुलांचे मार्क सांगायचे आणि हा गॅसचं क्रेडिट सांगायचा.

मी म्हणायचे, अरे, मागून घे ना ते. तो म्हणायचा, आपलेच आहेत, पळून का जाणार आहेत? त्याचं कामही बिलिंगची सॉफ्टवेअर बनवण्याचं, त्यामुळे सिस्टिमवर त्याची श्रद्धा. सिस्टिम सांभाळते म्हणे. सिस्टिम त्याचे पैसे सांभाळत होती आणि मी ओव्हन सांभाळत होते.

पुढच्या ऑक्टोबरात एक पोरगेलासा सेल्समन दारात आला. ओलाचिंब. हातात क्लिपबोर्ड, त्यावर प्लास्टिकची पिशवी. दुसऱ्या कंपनीचा होता आणि गॅस स्वस्त देतो म्हणत होता. दया येऊन मी त्याला चहा दिला, सोबत नानकटाई होतीच. बिल नवरा भरतो, असं मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर तो म्हणाला, त्याचं काही नाही, घरच्या बाई तुम्ही, तुमची सही पुरे. मी पूर्ण नाव सांगितलं, सही केली. संध्याकाळी नवऱ्याने कागद वाचला, आकडेमोड केली, आणि कंपनी बदलायची कल्पना आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखी मान डोलावली.

जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं. त्यावर सगळी जमा रक्कम छापली होती, कौतुकाने, ठळक अक्षरांत. ती परत कधी देणार याबद्दल अवाक्षर नव्हतं. नवऱ्याने लगेच जाहीर केलं, की हे आले की पुण्याच्या फ्लॅटच्या हप्त्यात टाकू. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कुडकुडले म्हणून ते पैसे उरले होते. ते याच घरात, याच हिवाळ्यात, गॅस म्हणून जळायला हवेत असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, आधी येऊ तर देत.

तर ते आणायला लागले मी. फोन लावायचा, तेच ते संगीत ऐकायचं, आणि शेवटी कुणीतरी ग्लासगोकडच्या हेलात विचारायचं, तुम्ही अकाउंट होल्डर का? मी म्हणायचे, नाही, त्यांची बायको. की लगेच आवाज मधाळ व्हायचा. सॉरी हं, डेटा प्रोटेक्शन. तुमच्या मिस्टरांची परवानगी लागेल, त्यांना फोनवर देता का? माझ्या सासूबाई सोवळ्यातल्या, पण त्यांनीसुद्धा मला कधी नवऱ्याची परवानगी घेऊन ये म्हणून सांगितलं नव्हतं. त्यासाठी मला सातासमुद्रापार यावं लागलं. आणि हाच तो देश, जिथे गिऱ्हाईक पकडायचं होतं तेव्हा दारातल्या दारात माझी सही चालली होती. घेताना मी घरची बाई, देताना मी कोण कुठली.

नवऱ्याला म्हटलं, तू कर एक फोन. तो फोन करेना. त्याला तो हेल कळायचा नाही आणि कळत नाही हे कबूल करायची लाज वाटायची. त्याने एक ईमेल टाकला. त्याला यंत्राने उत्तर दिलं, की दहा वर्किंग डेजमध्ये संपर्क करू. झालं, गडी खूश. प्रोसेसमध्ये आहे, म्हणाला. नाताळ तोंडावर आला, तरी ते प्रोसेसमध्येच. मी हात टेकले.

आता माझ्या नावाबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं. आपल्याकडे बाईच्या नावात मधे एक पुरुष बसवलेला असतो. लग्नाआधी माझ्या नावात वडील होते. लग्नानंतर वडिलांना उठवून तिथे नवऱ्याला बसवलं. मला ते मुळीच नको होतं. पण व्हिसाला सोपं पडेल, असा नवऱ्याने धोशा लावला, आणि नवीन पासपोर्ट तसाच निघाला. आधी माझं नाव, मग त्याचं नाव, मग आडनाव. त्यावरून मी विमानात त्याच्याशी धड बोलले नव्हते.

नाताळच्या आधी मी शेवटचा म्हणून फोन लावला. या वेळी एक नवीन मुलगी होती, घाईत असलेली. तिने अकाउंट होल्डर का, असं विचारलंच नाही. पत्ता विचारला, अकाउंट नंबर विचारला, आणि म्हणाली, तुमचं पूर्ण नाव सांगा. मी सांगितलं. पासपोर्टवर आहे तसं, अक्षर अन् अक्षर स्पेलिंग करून. पलीकडे कीबोर्ड वाजला. मग ती म्हणाली, अच्छा, इथे फक्त तुमचं मधलं नाव आणि आडनाव आहे, पहिलं नाव गाळलंय कुणीतरी. आणि तुम्हाला मिस्टर करून ठेवलंय, किती वाईट! आमच्या चुकीबद्दल माफ करा हं.

मी माफ केलं. खोटं मी एका अक्षरानेही बोलले नव्हते. आता त्या कंपनीच्या सिस्टिमला माझा नवरा म्हणजे माझाच मधला भाग वाटत असेल, तर ती सिस्टिम सुधारणारी मी कोण?

चेक आला तो माझ्या पूर्ण नावाने. नवऱ्यानेच पाकीट फोडलं. रक्कम बघून त्याचा चेहरा खुलला आणि नाव बघून पडला. मी तेव्हा जवळच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम धरलं होतं, त्या पगारासाठी माझं स्वतःचं बँक खातं होतं. चेक त्यातच भरावा लागणार होता. तो म्हणाला, ठीक आहे, भर आणि मला ट्रान्सफर कर, हप्ता आहे. मी म्हटलं, नाही करणार. तेव्हा तो चिडला.

"अगं, पण अकाउंट माझ्या नावावर होतं ना?"

"अकाउंट तुझ्या नावावर असेल," मी म्हटलं. "थंडी माझ्या नावावर होती."

त्याने बशीतली नानकटाई उचलली, तिच्याकडे बघितलं आणि परत ठेवली. आमच्या संसारात तो पहिल्यांदा तेव्हा हिशेबात चुकला असावा. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. मला बरं वाटलं, आणि मी उठून तबकडी वर फिरवली.

त्या जानेवारीत आमचं घर माणसांचं घर झालं. मी ओव्हन पोळ्यांचे तवे ठेवायला वापरू लागले. नवरा घरात आला की आधी कोट काढायचा, मग स्वेटर, मग जाता जाता तबकडीकडे बघायचा, पण हात लावायचा नाही. मग नव्या कंपनीचं पहिलं बिल आलं आणि त्याचा धीर सुटला. अंदाजे काढलंय, चुकलंच असणार, म्हणाला. महिन्याची रक्कम कमी करून घेतो, आणि हीटिंगचा टायमर कसा लावायचा तेही विचारतो. एवढं म्हणून त्या माणसाने, ज्याने मला एका फोनसाठी महिनोन् महिने तंगवलं होतं, स्वतःहून फोन लावला.

मी कणीक मळत होते. तो बराच वेळ ते संगीत ऐकत उभा होता. मग त्याने स्वतःचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि पलीकडचं ऐकून घेतलं. फोनवर हात ठेवून तो माझ्याकडे आला. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, आणि बाहेर बर्फ पडत होतं.

"तुझ्या नावावर आहे म्हणे," तो म्हणाला. "माझ्याशी बोलायला तुझी परवानगी लागेल म्हणतायत."

मी हात धुतले, नीट पुसले. फोन घेतला. पलीकडचा मुलगा फारच सभ्य होता. तुमच्या मिस्टरांशी बोललो तर तुमची काही हरकत नाही ना, असं त्याने विचारलं. मी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पोस्टकोड सांगितला. मग नवऱ्याकडे बघत म्हटलं, की हो, हरकत आहे.