शिव्या तिच्याच

बाइंडिंगच्या खळीचा वास आला की मला शहागंजातलं एका प्रकाशकांचं माडीवरचं ऑफिस आठवतं. एका स्पॅनिश रहस्यकादंबरीचं मराठी भाषांतर घेऊन मी तिथं गेले होते. तिच्यात खुनाचा तपास दोघं करतात, एक तोंडाळ, रांगडी बाई अधिकारी आणि तिच्या हाताखाली आलेला, चहासुद्धा विचारून पिणारा लाजाळू तरुण. पोलिसांची बोली मला शेजारच्या मावशींनी शिकवली होती. त्या हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणून त्यांनाही सोबत नेलं होतं. प्रकाशकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, छापू आपण. फक्त या बाईच्या शिव्या त्या पोराच्या तोंडी घाला. बाईमाणूस असं बोलत नाही." माझं पहिलंच पुस्तक होतं, नाही म्हणायला मी कचरत होते. मावशींनी मात्र खुर्ची पुढं ओढली. "साहेब, तीस वर्षं चौकीत काढली मी. शिव्या दिल्या नसत्या तर एकानं बी खरं सांगितलं नसतं. ऐकायच्यात का तुम्हाला?" पलीकडं बाइंडिंगला बसलेल्या, पुस्तकांना खळ लावणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. प्रकाशकांचा चेहरा उतरला. "मग जमायचं नाही," ते म्हणाले. मी सगळे कागद गोळा केले आणि म्हणाले, "नका छापू. ती बोलते तशीच बोलेल." त्याला आता चार वर्षं झाली. आणखी दोघा प्रकाशकांनी तेच सांगितलं. भाषांतर अजून माझ्या कपाटात आहे, आणि त्यातली एकही शिवी मी बदललेली नाही.