बैलांना घाम फुटेल इतकी पुस्तकं

को सर टॅम्पिनीस या उपनगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. वय ब्याऐंशी. उमेदीची वर्षं चिनी माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवली. त्या शाळा एकेक करून बंद पडल्या, तेव्हा त्यांच्या ग्रंथालयांनी काढून टाकलेली पुस्तकं सर घरी आणत गेले. बायको वारल्यावर तिच्या शिवणाच्या खोलीतही पुस्तकंच आली.

मी वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीतल्या एका लॅबमध्ये नोकरीला आहे. तिथे जेवताना सगळे चिनीत बोलत आणि मी मान खाली घालून डबा संपवत असे. म्हणून सरांकडे शिकायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलून मला जागा करून दिली आणि चार अक्षरं लिहिली : हान न्यू चोंग दोंग.

"वाहून नेली तर बैलांना घाम फुटेल, रचली तर आढ्याला टेकतील, इतकी पुस्तकं," ते म्हणाले. मग पुस्तकांवरच्या आणखी दोन म्हणी सांगितल्या. पाच गाड्या भरतील एवढी विद्या. पुस्तकांच्या नगरात बसलेला माणूस. "या तिसरीत मी राहतो," म्हणाले आणि लाजले.

गेल्या वर्षी त्यांची नजर गेली. नंतर न्हाणीघरात पडले. पर्थहून त्यांची मुलगी मेलिंग आली आणि तिने वृद्धाश्रमात जागा मिळवली. तिथे प्रत्येकाला एकच लहान कपाट.

"पुस्तकांचं तू बघशील?" सरांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

ग्रंथालयं झाली, कॉलेजं झाली, एक देऊळसुद्धा झालं. सगळे नम्रपणे नाहीच म्हणाले. पानं पिवळी पडली आहेत, लिपी जुनी आहे, ठेवायला जागा नाही. मेलिंगला म्हटलं, थोडी तरी ने.

"मला वाचता कुठे येतात?" ती म्हणाली. "बाबांनीच मला इंग्रजी शाळेत घातलं. म्हणाले, पुढे हेच चालेल."

फ्लॅट रिकामा करायच्या दिवशी रद्दीवाले आले. ढकलगाड्या लिफ्टमधून दिवसभर खाली जात राहिल्या. मी दोन शब्दकोश ठेवून घेतले. भाड्याच्या खोलीत आणखी काय मावणार?

संध्याकाळी सरांना फोनवर सांगितलं, "एका ग्रंथालयाने सगळी घेतली."

ते म्हणाले, "आता मी निवांत झोपेन."

वृद्धाश्रमात त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. परिचारिकाही मला म्हणायच्या, सर फार खुशीत आहेत. मी दर रविवारी जायचे. चौथ्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"आज मला तिथे घेऊन चल," म्हणाले. "वाचणार नाही. नुसता हात लावेन."

काहीतरी सबब सांगता आली असती. पण मला ते जमेना. त्यांच्या पलंगाशी बसून मी सगळं खरं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "सगळी?"

"दोन शब्दकोश आहेत माझ्याकडे. उद्या आणते."

"मी काय करू त्यांचं?" ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाचपडत शर्टाची बटणं काढली, घडी करून तो माझ्या हातात दिला आणि कपाटात ठेवायला सांगितला.

पुढच्या रविवारी परिचारिका म्हणाली, सर झोपलेत. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. दारातून मला ते बाजूने दिसत होते. भिंतीकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून पडले होते. मी परत फिरले.