आत्याचे वाल

आमच्या कडावच्या आत्याने कधी कुणाला खोटं पाडलं नाही. संशय आला की ती समोर मोड आलेल्या वालांचं पातेलं सरकवायची आणि म्हणायची, "बस, सोल." सालं काढता काढता माणूस आपसूक खरं बोलायला लागतो, हा तिचा अनुभव. माझ्या बारावीच्या गुणांचा खरा आकडा घरात कळला तो तसाच.

जर्मनीला शिकायला निघालो तेव्हा केम्निट्झचं विद्यापीठ किती नावाजलेलं आहे हे मी अख्ख्या कर्जतला सांगत सुटलो होतो. आत्याने पातेलं सरकवलं. दहाव्या वालाला मी कबूल केलं, की तिथे खोलीचं भाडं फार कमी आहे.

"मग तसं सांग की रं! स्वस्त हाय त्यात लाजायचं काय? आमी बी स्वस्तातच मोठं झालो." एवढं बोलून तिने माझ्या बॅगेतला नवा कोट काढला आणि त्या जागी दोन किलो वाल कोंबले.

तिथे मी वाल भिजवून फडक्यात बांधले आणि वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरातल्या हीटरवर ठेवले. मोड येण्याआधी वास आला. शेजारच्या खोल्यांतली मुलं नाक दाबून तो कुठून येतोय ते शोधू लागली. मीही त्यांच्याबरोबर फ्रिजखाली वाकून पाहिलं! मग पुरचुंडी जॅकेटखाली लपवून खोलीत नेली आणि दार लावून एकट्याने वाल सोलले.

त्याच सत्रात दोन विषयांत नापास झालो. घरी सांगत होतो, मस्त चाललंय. गुपचूप परत यायचं ठरवलंही होतं. तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर आत्याने विचारलं, "वाल कुणासंगती सोललंस?"

"एकटाच."

"येड्या, मग बोललास कुणाशी?"

मला रडू फुटलं. नापास झालो, परत येतोय, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "ये की. घर तुजंच हाय. पण माजं वाल संपवून ये."

पुढच्या खेपेला वाल भिजवले तेव्हा मी दारोदार जाऊन सांगितलं, की तो वास माझाच होता. "माहीत आहे," शेजारची लिन म्हणाली, "तुझ्या जॅकेटला अजून येतो." ती आणि करीम सोलायला बसले. चार वाल झाले नाहीत तोच करीम म्हणाला, की तो तीन विषयांत नापास आहे. मग आम्ही अभ्यासही त्याच टेबलावर करू लागलो, आणि उन्हाळ्यात दोघंही पास झालो.

निकाल आत्याला कळला. पदवी मिळेपर्यंत मात्र ती थांबली नाही. ती गेली तेव्हा शेवटचा पेपर तोंडावर होता, मी जाऊ शकलो नाही. ते अजून सलतं.

आता इथेच नोकरी आहे. डब्यात तिचे मूठभर वाल उरलेत. लिन विचारते, भिजवत का नाहीस? मी सांगतो, यंदा थंडी फार आहे, मोड येणार नाहीत.

साफ खोटं. पण समोर पातेलं सरकवणारं आता कुणी नाही.