मऊ प्रवाळाची कात

मत्स्यालयातल्या टाक्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. त्यांची नणंद तिथल्याच प्रयोगशाळेत जीवाणूंवर काम करायची. तिची हाक ऐकून साहेबांपासून तिकीटवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

वहिनींचा जीव एका मऊ प्रवाळावर होता. अंगठ्याएवढा तुकडा त्यांनी दगडाला दोऱ्याने बांधून वाढवला होता. आता त्याची जाडजूड, अळंबीसारखी छत्री झाली होती आणि तिच्यावर बारीक बोटांचं रान डुलायचं. "आम्हाला कधी इतक्या प्रेमाने विचारलं नाहीस," असं घरी नवरा चिडवायचा.

एका सकाळी बघतात तर सगळी बोटं आत! छत्री आक्रसलेली, वर मेणचट पापुद्रा. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र वहिनी टाकीतली एकेक वस्तू निरखायला लागल्या. आठवड्यापूर्वी त्यांनीच टाकीत नवा दगड ठेवला होता. त्याच्यावरून काही आलं असेल तर?

साहेबांनी काचेला नाक लावलं. "रोग दिसतोय. औषध घाला, नाहीतर काढून टाका. बाकीच्या टाक्यांना लागायला नको."

"औषधाने चांगले जंतूही मरतील, साहेब. आधी तपासू या ना."

साहेबांनी मान डोलावली, पण टाकी वेगळी करायला लावली. वहिनींनी पापुद्रा काडीने हलकेच टिपला, शेजारच्या टाकीतल्या धडधाकट प्रवाळाचाही नमुना घेतला, आणि दोन्ही नणंदेच्या हातात दिले.

"तोंड बघ तुझं," नणंद म्हणाली, "जसं काही तुलाच तपासायचंय."

त्या दिवसांत वहिनींनी भाजीत दोनदा मीठ घातलं.

शेवटी नणंद स्वतःच टाकीपाशी आली. "वहिनी, दोन्हीकडे बहुतेक तीच मंडळी आहेत, त्याच्या अंगावर नेहमी राहणारी. रोगाचं म्हणावं असं काही सापडलं नाही."

"मग हे असं का रुसलंय?"

"कात टाकत असेल. वरचा थर मळला की ही प्रवाळं तो सोडतात. पण छातीठोक नाही सांगणार हं मी."

वहिनींनी पंपाचं तोंड थोडं वळवलं, पाण्याचा झोत छत्रीवरून जाईल असं. दुपारी पापुद्र्याची एक कड सुटली. मग तो सायीसारखा सरकत गेला आणि सबंधच्या सबंध निघून पाण्यात तरंगला. त्यांनी तो जाळीने अलगद उचलला. खालचं अंग कोवळं, स्वच्छ होतं. बघता बघता एक बोट बाहेर आलं, मग चार, मग मोजता येईनात.

वहिनी तिथेच पालथ्या बादलीवर मटकन बसल्या. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "बरं झालं थांबलो," एवढंच म्हणाले. आवाज चांगलाच मोकळा झाला होता.

नणंदेने वहिनींच्या खांद्याला हात लावला. "चल, काहीतरी खाऊन घे आता. पोटात काही आहे का सकाळपासून?"

वहिनींना आठवेना. तेव्हा कुठे त्यांना कडकडून भूक लागली.