मालनबाईची रोही

कोळसुंद्या रानकुत्र्यांनी आई मारलेलं रोहीचं, म्हणजे नीलगायीचं, पिल्लू मालनबाईनं पदरात गुंडाळून घरी आणलं, तेव्हा धाकटा दीर नागनाथ खळ्यातच हसत बसला. "वैनी, सारी ज्वारी रोही खाऊन राह्यले, अन् तुमी चोराले घरी जेवाले आनलं?"

"चोराले आधी दूध तर पाजू, भाऊजी," म्हणत तिनं शेळी पुढे ओढली.

वांकिडीच्या शिवारात त्या वर्षी हीच चर्चा. पिल्लू जगलं, उंच झालं, शेळ्यांमागे उड्या मारत रानात जाऊ लागलं. चुकून कुणाचा दगड लागू नये म्हणून मालनबाईनं वासरासारखी त्या मादी पिल्लाच्या गळ्यात पितळी घाटी बांधली. मालनबाईनं 'तांबे' म्हणून हाक मारली की ती जिथे असेल तिथून धावत येई.

मग एका सकाळी नाल्यापलीकडे रोह्यांचा कळप दिसला. तांबीचे कान ताठ झाले. ती सुसाट निघाली. पण घाटी खणखणली आणि कळप उधळला. तांबी मोकळ्या माळावर एकटीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"घाटी काढा ना," नागनाथ म्हणाला.

"काढली तं तुमीच गोफणीनं तिचं डोकं फोडसान. साऱ्या माद्या सारख्याच दिसतेत."

"अन् नाई काढली तं जलमभर शेळ्यांतच राहीन ते."

कळप पुन्हा आला तेव्हा मालनबाईनं तांबीची मान कवेत घेतली, गाठ सोडली आणि पाठीवर थाप मारली. या वेळी कळप पळाला नाही. एका म्हाताऱ्या मादीनं तांबीला हुंगलं. बघता बघता सगळ्या झुडपांत दिसेनाशा झाल्या.

ज्वारी निसवली तसा कळप मालनबाईच्याच वावरात शिरला. मालनबाई मचाणावर उठून उभी राहिली. तांबी यांत असेल, तर माणसाच्या आवाजाला थांबेल का? जी थांबेल ती उद्या दुसऱ्याच्या वावरात मरेल. तिनं जीव एकवटून आरोळी ठोकली. त्याच आवाजात, ज्या आवाजात ती तांबीला हाक मारायची.

सगळा कळप एकदम उसळला, बांध ओलांडून वाऱ्यासारखा गेला.

नागनाथ धापा टाकत आला. "किती खाल्लं?"

"अर्धं वावर," मालनबाई मचाणावरून हसत उतरली, "पन भाऊजी, एकबी थांबली नाई."