चौथाईवर अडलेला काटा

गाडीच्या टाकीतला, पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप गेला. तो बदलला आणि गाडी दोन नवी दुखणी घेऊन घरी आली. एक म्हणजे सकाळी ती पहिल्या चावीला सुरू होईना. सेल्फ मारत बसावं, मारत बसावं, मग कुठे इंजिन धरायचं. दुसरं पेट्रोलच्या काट्याचं. टाकी भरली की बरोबर, अर्ध्यापर्यंत बरोबर, पण चौथाईवर आला की तिथेच बसायचा. खाली उतरायचाच नाही.

मला स्वतःला काट्याची फारशी गरज नसते. फौंड्रीत कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचे हिशेब करण्यात आयुष्य गेलं. पेट्रोल भरलं की मी ट्रिप मीटर शून्यावर आणतो. आमची गाडी लिटरला पंधरा देते, टाकी पस्तीस लिटरची. किती चालली म्हणजे किती उरलं, हे मला मीटर बघूनच कळतं. पण गाडी मी चालवत नव्हतो, बायको चालवत होती.

ती शिक्षिका. शहरातल्या तिच्या शाळेतली तुकडी बंद पडली आणि वारणानगरच्या अलीकडच्या एका गावात तिचं समायोजन झालं. एस्टीनं जायचं तर एक गाडी बदलायची, पुढे चालायचं. तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या त्या बाईनं ड्रायव्हिंग शिकायचं ठरवलं. पहिले काही दिवस मी शेजारी बसलो. मग एक दिवस तीच म्हणाली, "तुम्ही शेजारी असलात की माझं लक्ष तुमच्या पायाकडे जातं. तुम्ही तिकडं उगाच ब्रेक दाबता." त्यानंतर ती एकटी जायला लागली. घरी आल्यावर चावी खुंटीला न लावता पर्समध्ये ठेवायला लागली. ही बाई एकदा रस्त्यात अडकली तर पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे माझा जीव त्या गाडीत अडकलेला असायचा.

गॅरेजवाला माझा मित्र. शिवाजी पेठेतला, आमच्याच तालमीचा. तालमीच्या फुटबॉल संघात तो गोलकीपर होता आणि मी बहुतेक वेळा राखीव. त्याला सोडून गाडी दुसरीकडे नेणं म्हणजे सोयरीक मोडल्यासारखं. संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर बातमी पोचली असती.

"पंप नवाकोरा हाय," तो म्हणाला. "बॅटरी म्हातारी झाल्या तुझी."

बॅटरी बदलली. सकाळचं रडगाणं तसंच. मग प्लग बदलले. तरी तसंच.

"आणि काटा?" मी विचारलं.

"आरं, काटा म्हंजे अंदाज असतोय गड्या. तू का काट्यावर गाडी चालवतोस? तुझं डोस्कं हाय की."

"मी नाही चालवत. ती चालवते."

"मग वैनीस्नी सांग, चौथाईला आला की भरायचं. झालं."

मी ते सांगितलं. वर, मीटर तीनशेच्या पुढे गेला की पेट्रोल भरायचं, असं एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवलं. तिनं तो कागद वाचला. "अहो, मी रस्ता बघू, आरसा बघू, का तुमचा आकडा बघू?" पण काढला नाही.

सुरू होण्याचा प्रश्न मी माझ्या पद्धतीनं धसाला लावायचा प्रयत्न केला. गाडी थोडा वेळ उभी राहिली की टिचकीसरशी सुरू व्हायची, रात्रभर उभी राहिली की नाही. म्हणजे नळीत भरलेलं पेट्रोल रात्रीत मागे टाकीत उतरत असणार. चावी अर्धी फिरवून थांबलं की मागच्या सीटखालून पंपाचा घूंऽऽ असा आवाज येतो. तो ऐकायचा, चावी बंद करायची, पुन्हा तसंच, आणि मग सेल्फ मारायचा. पहिल्या फटक्यात सुरू. मोठ्या आशेनं हे मित्राला सांगितलं. वाटलं, आता त्याला दोष कुठे आहे ते कळेल.

"झालं की मग," तो म्हणाला. "तसंच करत जावा."

तसंच करत गेलो. दुखणं बरं झालं नाही, अंगवळणी पडलं.

असेच दिवस चालले होते. एकदा शाळेतून येताना तिनं गाडी गॅरेजवर नेली, कारण हॉर्न मधेच बसायचा. मित्रानं बॅटरीच्या वायरी काढल्या, घासल्या, पुन्हा लावल्या. हॉर्न वाजला. वायरी काढल्या की ट्रिप मीटर शून्यावर जातो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही आणि तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिला रोज मीटरवर थोडासाच आकडा दिसत होता आणि काटा चौथाईवर, म्हणून कागदाप्रमाणे अजून भरायची वेळ आली नाही असं ती समजत होती. तळाचा लाल दिवा काट्याच्याच तंत्रानं चालतो, म्हणून तोही गप्प.

हायवे सोडून आत वळल्यावर गाडी बंद पडली. उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. दुधाच्या टेम्पोतला एक माणूस उतरून आला.

"बाई, पेट्रोल हाय का बघा की."

"चौथाई आहे हो."

"काटा म्हणतोय चौथाई. टाकी काय म्हणत्या?" त्यानं मागून गाडी हलवली, कान लावला. "खडखडीत हाय."

कुणाच्या तरी मोटारसायकलमधून नळीनं पेट्रोल काढून त्यांनी बाटलीभर ओतलं. आमचं चावीचं व्रत तिला बरेच वेळा करावं लागलं, तेव्हा गाडी सुरू झाली. तेवढ्या वेळात तिच्या वर्गातली मुलं सायकलवरून बाजूनं निघून गेली. एकानं थांबून विचारलं म्हणे, "बाई, ढकलू का?"

हे सगळं तिनं संध्याकाळी भाजी निवडत सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. मग पर्समधून चावी काढली आणि खुंटीला लावली. "उद्यापासून एस्टीनं जाते."

मी तिला स्कूटरवरून स्टँडवर सोडायला लागलो. उजाडायच्या आत निघायचं. ती मागे बसायची, डबा दोघांच्या मधे. संध्याकाळी घरी आल्यावर ती पाय उशीवर ठेवून पडायची. गाडी दारात उभी असायची आणि मला तिच्याकडे बघायचाही कंटाळा यायचा. भांडायला ताकद लागते, तीसुद्धा नव्हती.

तरी एका रविवारी गाडी घेऊन गॅरेजवर गेलो.

"मागची सीट काढ. मला टाकीत बघायचंय."

"आत्ता? च्या तरी घे की."

"आत्ता."

त्यानं सीट उचलली, झाकण उघडलं, आतला सगळा सांगाडा बाहेर काढला. पेट्रोलचा वास गॅरेजभर झाला. सांगाडा जुनाच होता. त्यानं फक्त आतली मोटर नवी घातली होती. नवी नळी बोटभर लांब होती, तिला बाक आला होता, आणि पेट्रोलवर तरंगून काटा हलवणाऱ्या गोळीची तार खाली येताना बरोबर त्या बाकावर टेकत होती. तोच आमचा चौथाई. मोटरच्या तोंडाशी जुनीच रबरी रिंग, फुगून सैल झालेली. रात्री पेट्रोल तिथूनच मागे उतरत होतं.

मित्र तार वरखाली करून बघत राहिला. "अख्खा सेट लई महाग पडला असता रं. तुझ्यासाठीच केलं की."

ते खरंच होतं. तालमीतल्या माणसाचं काम स्वस्तात बसवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आणि तालमीतल्या माणसानं, काय घातलंस, असं विचारायचं नाही, हाही रिवाजच. दोघांनीही तो इमानानं पाळला आणि त्यात बायको रस्त्यावर उभी राहिली.

"अख्खा सेट टाक," मी म्हणालो. "आणि गिऱ्हाइकाकडून घेतोस तेवढे घे."

"परक्यागत बोलायला लागलास की."

"परक्याचं काम तू बघून करतोस."

चहा आला, तो आम्ही उभ्यानंच प्यायलो.

नवा सेट बसला. गाडी पहिल्या चावीला सुरू व्हायला लागली. मी तिला तसं सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी एस्टीनं गेली.

मग मी काही दिवस गाडी फौंड्रीला नेली, काटा चौथाईच्या खाली येईपर्यंत. तो उतरला. पुढच्या सुट्टीला चावी तिच्या हातात दिली. "एक फेरी मार. मी पायाशी काही दाबणार नाही."

तिनं चप्पल घातली. राजारामपुरीतून बाहेर पडून हायवेला लागलो. काटा तळाच्या रेघेकडे सरकत होता. थोड्या वेळानं लाल दिवा लागला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच लागला होता. डावीकडे पेट्रोल पंप आला. तिनं गाडी आत घेतली नाही. माझ्या हिशेबानं सहा लिटर उरलं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. दुसरा पंप आला. तोही गेला.

"अजून आहे," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

तिसऱ्या पंपावर तिनं टाकी भरायला सांगितली. एकोणतीस लिटरच्या थोडं वर बसलं.

सोमवारी सकाळी मी वरच्या खिडकीत चहा घेत होतो. खाली गाडीचं दार लागलं. चावी अर्धी फिरली, घूंऽऽ झालं, बंद. पुन्हा घूंऽऽ, बंद. मग सेल्फ. आता त्याची गरज नाही, हे खाली जाऊन सांगावं असं वाटलं. पण जिने उतरायचा कंटाळा आला होता, आणि गाडी तोवर गल्लीच्या टोकाशी पोचली होती.